म्हातारीच्या खडपाची खूण

१२ जानेवारी १९३१

खानेसुमारीचा कारकून येऊन गेला. नाव, वय, भाषा, सगळं बिनबोभाट झालं. मग म्हणाला, "धंदा?"

लेखन, म्हटलं.

"कुठल्या कचेरीत?"

कचेरीत नव्हे. घरी. मासिकांना लिहितो, लोकांची पुस्तकं नीट करून देतो.

लेखणी उचलून तो थांबला. "म्हणजे कारकुनीच लिहू ना?"

आतून दमयंती म्हणाली, "चौकशी लिहा. जन्मभर तेवढंच केलंय त्यांनी."

तेवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा धंदा एका शब्दात सांगता येतो, सरकारला येत नाही! शेवटी त्यानं 'इतर' की काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं नाही. वय सत्तेचाळीस. धंदा इतर.

१९ जानेवारी

सकाळभर मामलेदारांच्या आठवणी तपासल्या. अकराशे पानं. एवढ्या पानांत मामलेदार एकदाही चुकत नाहीत, एकदाही घाबरत नाहीत आणि एकदाही पायी चालत नाहीत. मी वाक्यं सरळ करून देतो. माणूस सरळ करायचं काम माझ्याकडे नाही.

दुपारी 'सुभद्राताईंची चूल' लिहिली. मुंबईच्या एका मासिकात हे पाककृतींचं सदर चालतं आणि सुभद्राताई मीच. ह्या खेपेला ओल्या काजूची उसळ. दमयंतीनं वाचलं. "काजू सोलून चिकानं हात भाजतात ते कुठंय? ह्या तुमच्या सुभद्राताईला एकदा माझ्याकडे पाठवा. चूल फुंकून घेते तिच्याकडून."

ताऱ्यांवर लिहितो तेव्हा 'नभोवासी', टवाळी करतो तेव्हा 'चिमटा', मुलांच्या पानावर 'गोटूकाका'. चार नावं, चार आवाज. आईबापांनी ठेवलेलं पाचवं नाव अजून कुठे छापून आलेलं नाही. त्याची आजवर कोणाला गरजही पडली नाही.

२ फेब्रुवारी

फडताळ आवरलं. आवरलं म्हणजे काय, एका खणातलं दुसऱ्या खणात घातलं. सापाची कात. तारायंत्राची मोडकी कळ. ब्रह्मदेशी लिपीची घोटवही, पंचवीस पानं भरलेली, पुढे कोरी. मुंग्यांच्या हालचालींची नोंद (एक पावसाळा). काचेवरचे फोटो, ज्यांत सगळी माणसं बुडालेली दिसतात. कोणातरी साहेबाच्या लिलावात घेतलेली दुर्बीण. हिच्यापायी गावात मला 'नळीवाले भाऊ' म्हणतात, कारण मी गडावर चढून तासन् तास समुद्र बघत बसतो.

दोन वर्षांच्या वर मी कुठल्याच विषयाचा झालो नाही. सातव्या वर्षी काकांचं घड्याळ उघडलं होतं. ते का चालतं ते मला कळलं, आणि ते बंद पडलं. तेव्हापासून माझं हेच चालू आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकू तांडेल आला होता. मांडवीच्या खालच्या वाडीतला, होडीचा म्होरक्या. वय सत्तर तरी असेल. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तरुणपणी मोठा मासा गळाला लागला तेव्हा दोरी बोटांना वेढली, मासाही गेला आणि बोटंही गेली. तीन वर्षं झाली, दर रविवारी ओट्यावर येऊन बसतो. दमयंती चहा देते. मी विचारतो, तो सांगतो. दोन वर्षांच्या पुढे गेलेला माझा हा एकच विषय!

मतलई वारा, जमिनीकडून समुद्रात जाणारा, कुठल्या महिन्यात किती वाजता पडतो. शिशाच्या गोळ्याला मेण लावून तळाची वाळू वर कशी आणायची. ती वाळू जिभेवर ठेवून आपण कुठे आहोत ते कसं ओळखायचं! मीही चाखून पाहिली. मला फक्त वाळूच लागली.

आज त्यानं म्हातारीची खूण सांगितली.

म्हातारीचं खडप, म्हणजे बुडालेला खडक, पाण्याखाली बारा वाव आहे (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं), वरून काही दिसत नाही. त्याच्या कपारीत गोबरे, घोळ, मोठाले मासे राहतात. ते सापडायचं कसं? गडावरचा दिवा देवळाच्या कळसावर आला की एक रेघ. मिऱ्याच्या डोंगराची खिंड काळ्या कातळाच्या टोकावर आली की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे गळ सोडायचा. चार हात इकडे तिकडे झालं तर रिकामे परत या.

वाडीतली बारा घरं ह्या खडपावर जगतात. खूण बापानं मुलाला द्यायची, तीही समुद्रात, होडीत बसून, तोंडानं. जमिनीवर तिचा उच्चार करत नाहीत. धाकूनं माझ्या ओट्यावर केला. त्याचा मुलगा रघू मुंबईला आगबोटीवर आहे, शिमग्याला येतो.

उठताना म्हणाला, "भाऊ, ह्या वहीत र्‍हाव दे. वाऱ्यावर नको."

वहीतच राहील तांडेल, म्हटलं.

१ मार्च

पुण्याच्या संपादकांचं पत्र. अक्षर सुरेख, म्हणून जास्त लागलं. "आपले लिखाण नेहमी वाचनीय असते, परंतु ते कोणीही लिहू शकला असता. दुसऱ्या कोणास ठाऊक नाही असे काही आपणापाशी आहे काय? असल्यास आपल्या स्वतःच्या नावाने लेखमाला चालवू व वर्षाअखेर तिचे पुस्तक करू."

कोणीही लिहू शकला असता! वीस वर्षांचा हिशेब माणसानं चार शब्दांत मिटवला. आणि तो खोटा आहे असं म्हणवत नाही.

३ मार्च

नाही. वहीतलं ते देणार नाही.

४ मार्च

ह्या मासिकाचे रत्नागिरीत वर्गणीदार सात. त्यांतले पाच वकील. वकील समुद्रावर जातात ते फार तर पाय भिजवायला.

२२ मार्च

लिहिला. 'दर्यावर्दींच्या खुणा'. तीन बैठकींत झाला. इतकं सरळ मी कधीच लिहिलं नव्हतं, विनोद करायची आठवणसुद्धा झाली नाही. वारे, वाळू, शिशाचा गोळा. उदाहरण म्हणून एकच खूण दिली, म्हातारीची. उदाहरणाशिवाय शास्त्र कसलं?

आणि शेवटी आभार. प्रामाणिकपणा नको का? 'ही सर्व माहिती मांडवी येथील, उजव्या हाताची दोन बोटे गमावलेल्या एका वृद्ध तांडेलाने प्रस्तुत लेखकास दिली.' नाव घातलं नाही. आपण किती जपून वागतो ह्याचा अभिमानही वाटला मला!

दमयंतीला वाचून दाखवला. सुभद्राताईंना ती सोडत नाही, ह्या वेळी मसाला कुटत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मासिकाला नव्हे."

मी म्हटलं, ज्ञान कोंडून ठेवलं की माणसाबरोबर मरतं.

"बरं," ती म्हणाली. हिच्या ह्या 'बरं'ला मी वीस वर्षं घाबरत आलोय. आज घाबरलो नाही. टपालात टाकून आलो.

९ जून

छापून आला. माझं नाव. दोनदा पाहिलं, मग उजेडाला नेऊन तिसऱ्यांदा पाहिलं. टाईप जरा बारीक वापरलाय.

बाहेर धो धो. होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवल्यात. श्रावणाच्या पुनवेपर्यंत समुद्र बंद.

१४ जून, रविवार

धाकू आला. इरलं ओट्याशी टेकून चहा प्यायला. पावसात मुडदुशी मासळी खाडीच्या तोंडाशी का येते ते सांगत होता. मासिक आत टेबलावर होतं. सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगेन.

२१ जून

ह्याही रविवारी नाही.

त्याऐवजी संध्याकाळी काशीराम आला, मासळीचा व्यापारी. खारवलेली मासळी मुंबईला पाठवतो, पदरी चौदा होड्या आणि पगारी खलाशी. सातवा वर्गणीदार हा! वकील मोजले होते, काशीराम मोजला नव्हता.

"भाऊसाहेब, काय लेख लिहिलाय! मी दोनदा वाचला. तो बोटं तुटलेला म्हातारा आपला धाकूच ना?"

मी हसलो.

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी हसलो, लेखकासारखा.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सोनेरी कागद लावलेला नारळ, ढोल, बायकांची नवी लुगडी. धाकूनं नारळ सोडला, वाडीतला वडीलधारा म्हणून. माझ्याकडे बघून हात केला, तीन बोटांचा.

मी पण केला.

१७ सप्टेंबर

गुणवंती आली. धाकूची सून, आमच्याकडे मासळी तीच घालते. आज टोपली खाली ठेवलीच नाही.

"भाऊ, काय क्येलाव ओ ह्या? अकरा होड्या! म्हातारीच्या डोकीवर जत्रा भरलीय! काशीरामाच्या अकरा होड्या, सकाळपास्नं नांगर टाकून! आमच्या माणसांना गळ सोडायला जागा नाय. दोऱ्यात दोऱ्या. चार दिसांत कपारी धुऊन नेल्यान."

कोण म्हणतं, मी विचारलं.

"काशीरामाचा तांडेल बोलतो, आमच्या शेटच्या पुस्तकात लिवलाय म्हणून. म्हातारीची खूण पुस्तकात! आनि आमच्या मामंजींची बोटा पन पुस्तकात!"

दमयंती दारात उभी होती. गुणवंती गेल्यावर तिनं मला काही म्हटलं नाही. 'बरं'सुद्धा नाही.

२० सप्टेंबर

गावकीनं निकाल दिला. धाकूच्या होडीला कोणी खांदा लावायचा नाही.

बाहेरच्या माणसाला ही शिक्षा किरकोळ वाटेल. पण मोठी होडी एकट्या घराला हलत नाही. वाळूवर ओंडके टाकून वीसपंचवीस माणसं खांदे लावतात तेव्हा ती पाण्यात जाते, आणि संध्याकाळी तितकेच खांदे तिला वर घेतात. सगळी वाडी रोज एकमेकांच्या होड्या ढकलते. खांदे मिळाले नाहीत की होडी म्हणजे वाळूवर ठेवलेलं लाकूड. ऊन लागून फळ्या उकलतात. एका मोसमात संपते. आणि धाकूच्या घरात दुसरं काही नाही.

मी खाली गेलो. होडीच्या सावलीत बसला होता. मी समोर उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो — चांगली चार वाक्यं होती.

तोच म्हणाला, "वहीत र्‍हाव दे बोललो व्हतो."

मग म्हणाला, "काय लिवलाव ता वाचा तरी."

खिशात मासिक होतं. असतंच ते, जूनपासून. उभ्या उभ्या वाचलं. वारे, वाळू, शिसं. मधे एकदा मान हलवलीन. शेवटी आभार वाचले.

"बोटांचा परत वाचा."

परत वाचलं.

"बरोबर हाय," म्हणाला. "सगळा बरोबर हाय." आणि तोंड फिरवून पडून राहिला.

चुकीचं असतं तर बरं झालं असतं. आयुष्यात एकदा बिनचूक लिहिलं!

२१ सप्टेंबर

मामलेदारांच्या आठवणी, पान सातशे बारा. 'मी कोणाचाही विश्वासघात केला नाही.' खोडलं नाही. मी खोडणारा कोण?

२७ सप्टेंबर, रविवार

ओटा रिकामा. दमयंतीनं सवयीनं तीन कप मांडले, एक उचलून आत नेला.

काशीरामाकडे जाऊन आलो. होड्या काढा म्हणून विनवलं. तो नम्रपणे म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्हीच लिहिलंत ना, ज्ञान सर्वांचं असतं?" लिहिलंय. दुसऱ्या परिच्छेदात.

३० सप्टेंबर

रात्रंदिवस एकच विचार. धाकूनं सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?

कळलं असतं! गडावर मी दुर्बीण घेऊन बसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाडीच्या होड्या रोज एकाच जागी थांबतात. त्या जागेवरून किनाऱ्याकडे रेघ मागे ओढली तर दिवा आणि कळस एका ओळीत येतात. नुसतं बघून काढता आलं असतं. दुसऱ्या कोणी असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. नळीवाल्या भाऊनं सांगितलं तर ठेवतील. ह्या माणसाला बिनकामाचं बघत बसायचं वेड आहे, ह्याबद्दल गावात दोन मतं नाहीत.

दमयंतीला बेत सांगितला. म्हणाली, "आणि लेखात आभार मानलेत त्यांचं काय?"

तो म्हातारा मी मनानं रचला म्हणेन.

"म्हणजे तुमचा लेख खोटा."

हो.

"पुस्तक?"

तिला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलंन. मग म्हणाली, "धोतर धुतलेलं नेसून जा."

४ ऑक्टोबर

गावकी दुपारी देवळाच्या पडवीत बसली. भिवा गावकर मध्ये. धाकू नव्हता, निकाल लागलेल्या माणसाला बसायला देत नाहीत. गुणवंती खांबाआड.

मी उभं राहून सांगितलं. धाकूनं मला काही सांगितलेलं नाही. मी गडावरून नळीतून बघितलं.

भिवा शांतपणे विडी ओढत होता. "नळीतून बारा वावांखालचा गोबरा पन दिसला आसल तुमाला?"

पडवी हसली. मी म्हटलं गोबरा नाही दिसत, होड्या दिसतात. रोज कुठे थांबता ते दिसतं.

"दाखवा बगू कसा ता."

काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत आकृती काढली. हा गड, हा दिवा, हे देऊळ. ही तुमची होडी. ही रेघ. ही दुसरी. कोन मोजायची रीत समजावली, नळीवर आडवी तार कशी लावायची तेही सांगितलं. खोटं बोलता बोलता मी रंगलो! लोक उठून भोवती आले. एक म्हातारा म्हणाला, "आयला, खरा हाय ओ." तेव्हा मला माझीच किळस आली. इतकं छान समजावून मी जन्मात काही सांगितलं नव्हतं.

"मंग पुस्तकात बोटा तुटलेला म्हातारा आला कुठनं?"

म्हटलं, लेखात एक म्हातारा घालावा लागतो. त्याशिवाय लोक वाचत नाहीत. बोटं नसलेला घातला, जास्त खरा वाटावा म्हणून. तो असा कोणी माणूस नाही.

भिवानं विडी विझवली. "म्हंजे तुमी चोर. धाकू नाय."

हो, म्हटलं.

"बरा. धाकूच्या होडीला उद्या खांदे. पन त्येच्याम्होरं हा इषय कोन काडायचा नाय, आपलाच निकाल चुकला. आनि आजपास्नं भाऊंशी वाडीत कोन बोलायचा नाय. मासळीचा नाव पन सांगायचा नाय. ती नळी परत गडावर दिसली तर नळी पन दर्यात आनि तुमी पन."

वाटेत गुणवंती मागून आली. तिला सगळं ठाऊक होतं. तीन वर्षं रविवारी मासळी घालायला येताना ती ओट्यावरचं आमचं बोलणं ऐकत आली आहे. मी म्हटलं, धाकूला हे कसं सुटलं ते सांगू नकोस. गावकीला दया आली एवढंच सांग.

मान हलवून ती पुढे झाली. बरोबर चालताना दिसायला नको म्हणून.

५ ऑक्टोबर

पहाटे रस्त्याच्या कडेला माडाआड उभा राहिलो. ओंडके टाकले. सव्वीस खांदे मोजले. एक आरोळी — होडी हलली, अडली, परत आरोळी, आणि गेली पाण्यात. धाकू सुकाणूवर. वाकून पाणी हाताला लावलंन, कपाळाला लावलंन.

एवढ्यासाठी एक खोटं बोललो. स्वस्तात सुटलो असं वाटलं.

२२ ऑक्टोबर

स्वस्तात नाही.

पुण्याचं पत्र. काशीरामानं संपादकांना कळवलं: लेखातला तांडेल बनावट आहे असं लेखकानं दोनशे लोकांत कबूल केलं. व्यापाऱ्याला सत्याची एवढी चाड असेल असं वाटलं नव्हतं. वर्गणीदार म्हणून फसवणूक झाली म्हणतो! म्हातारी ओरबाडून झाली, आता सत्य.

'आपल्या लेखाबाबत पुढील अंकी खुलासा छापणे भाग आहे. लेखमाला व पुस्तक यांचा विचार रहित केला आहे, हे सांगणे नलगे.'

नलगे.

खुलाशातही माझं नाव येईल. यंदा दोनदा छापून आलं म्हणायचं.

२ नोव्हेंबर

मुंबईकरांनी सुभद्राताई ठेवली आहे. नभोवासी नको म्हणाले. तारे तरी खरे असावेत अशी त्यांची अपेक्षा. लोणच्यातल्या मिठाला साक्षीदार लागत नाही.

लिहायला बसलो. ओल्या कोळंबीचं सुकं. कोळंबी आणायला दमयंती राजीवड्यापर्यंत चालत जाते, मांडवीत तिला कोणी विकत नाही. आल्यावर पाय चेपत म्हणाली, "बायका बोलत नाहीत हो. बघतात, पण बोलत नाहीत." तक्रारीच्या सुरात नाही. हवा कशी आहे सांगावं तसं.

११ नोव्हेंबर

बंदरावर नवं गलबत लागलं होतं, शिडाची बांधणी वेगळी. एका खलाशाला विचारलं, हे कुठलं? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळत राहिला. दुसऱ्याला विचारलं नाही.

आजवर मला लोक हसले, कंटाळले, पळून गेले. विचारलं आणि उत्तर आलंच नाही असं कधी झालं नव्हतं. परत येताना लक्षात आलं की दहा मिनिटं झाली, मला कशाचंच काही वाटलं नाही. रस्त्यात एक किडा उलटा पडून पाय झाडत होता. ओलांडून आलो.

१९ नोव्हेंबर

दुर्बीण फडताळात, कातीशेजारी. ब्रह्मदेशी वही उघडली, मिटली. दमयंती म्हणाली, "काहीतरी नवं खूळ काढा हो. घर ओकं वाटतं." तेवीस वर्षांत पहिल्यांदा!

काढायचं म्हणजे काय? खूळ काढता येत नाही. ते लागावं लागतं.

२९ नोव्हेंबर, रविवार

बाजारात धाकू समोरून आला. दहा पावलांवर. आधी माझ्या मनात आलं, खाली बघावं. मग वाटलं, का? मी पाहिलं. त्यानं पाहिलं. थांबला नाही. माझ्या अंगावरून, शेजारून, जसा खांब ओलांडावा तसा गेला.

बरोबरच आहे. त्याला फक्त इतकंच माहीत आहे की मी खूण विकली आणि गावकीला दया आली. मीच तसं ठरवलं होतं. ठरवताना हे दिसलं नव्हतं.

६ डिसेंबर

मामलेदार संपले. हजार ब्याण्णव पानं, आठ पानं मी गाळली. शेवटचं वाक्य: 'मी समाधानी आहे.' तसंच ठेवलं.

१३ डिसेंबर

गुणवंती मागच्या दारी आली, टोपलीशिवाय. बाजारात कोणी धाकूला चिडवलं, पुस्तकातला म्हातारा तू नव्हेस, भाऊनं रचलेला, त्यानंच कबूल केलंन. म्हाताऱ्यानं तिला खोदखोदून विचारलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. काल भर गावकीत उभा राहून म्हणाला, "तो म्हातारा मी. ही माजीच बोटा. खूण मीच सांगितलीय. पन्नास वरसा दर्यात हाय, मना इचारलान कोन? पोरान नाय इचारलान. ह्या येड्यान इचारलान."

खांदे परत बंद, होडी परत वाळूवर.

धाकूनं निरोप दिलाय: "आता होडी नाय, येळच येळ हाय. बाकीचा इचारायला कदी येताव?"